शेलचा ठोकळा दाबाने फोडताना: प्रयोगशाळेतल्या हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगची क्रमवार पद्धत

हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग म्हणजे दगडातल्या भोकात दाबाने द्रव घालून त्यात भेग पाडणे. अशा प्रयोगाचा अहवाल उघडला की पहिल्या काही पानांतच दाबाचा आलेख भेटतो. रेघ वर चढते, टोक येते, कोसळते. त्या टोकाला ‘ब्रेकडाउन प्रेशर’ (दगड फुटण्याचा दाब) म्हणून पुढची पाने भरलेली असतात. मग विचारावे: ठोकळ्यातले थर कोणत्या दिशेला होते? नळी आणि दगड यांच्यातला जोड आधी तपासला होता का? पंपापासून ठोकळ्यापर्यंत एकूण किती मिली द्रव होता? इथे गाडी अडते. ही तीन उत्तरे नसतील तर तो आकडा शेलचा (चिखलाचे थर दाबून बनलेला खडक), एपॉक्सीचा (नळी दगडात चिकटवणारा गोंद) की पंपाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणूनच या लेखात पंप सुरू करण्याचा टप्पा बराच उशिरा येतो. सोलापुरातल्या कॉलेजांतून सिव्हिल किंवा भूविज्ञानात एम.टेक., एम.एस्सी. करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्याकडे काँक्रीटचे क्यूब फोडायचे सीटीएम असते, अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत लेथवाले आणि जॅक दुरुस्त करणारे असतात, पण तीन दिशांनी दाब देणारी फ्रेम नव्यानेच बांधायची असते. उदाहरणासाठी सगळीकडे १०० मिमी बाजूचा घनाकृती ठोकळा धरला आहे.

टप्पा १: प्रश्न आधी, दगड नंतर

‘शेलमधील फ्रॅक्चरिंगचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही. थरांच्या दिशेमुळे भेग वळते का, द्रवाची दाटी वाढवली तर ब्रेकडाउन प्रेशर किती बदलतो, दोन आडव्या ताणांतला (ठोकळ्यावर बाहेरून दिलेल्या दाबांतला) फरक कमी केला तर भेग थरातच शिरते का, असा एकच बदल हाती घ्या. बाकी सगळे स्थिर ठेवा. प्रत्येक स्थितीसाठी निदान तीन ठोकळे लागतात, कारण शेलमध्ये एकाच लादीतून कापलेले दोन ठोकळेही सारखे वागत नाहीत. तीन स्थिती म्हणजे नऊ ठोकळे, शिवाय कापताना फुटणारे वेगळे. दगड आणायला जाताना हा हिशेब खिशात असू द्या.

टप्पा २: दगड मिळवणे

सोलापूर बसाल्टवर बसले आहे. इथल्या विहिरीतून निघणारा काळा दगड, मुरूम किंवा दोन लाव्हा थरांमधली लालसर माती यातले काहीही शेल नाही. घराघरांत असते ती शहाबादी फरशी थरांची असली तरी चुनखडक आहे. ती सरावाला उत्तम, अहवालात शेल म्हणून चालणार नाही.

जवळचा खरा शेल भीमा बेसिनमध्ये, म्हणजे कलबुर्गी, शहाबाद, वाडी, सेडम या पट्ट्यात चुनखडकाच्या सोबतीने सापडतो. सोलापूरहून कलबुर्गी शंभर-सव्वाशे किलोमीटर. यांत्रिक वर्तन शिकायला हा शेल पुरेसा आहे, पण त्यावरून गॅस देणाऱ्या शेलबद्दल विधाने करू नका. तसा शेल हवा असेल तर दामोदर खोरे किंवा खंभातकडचा कोअर (बोअरमधून काढलेला दगडाचा दंडगोल) लागतो. त्यासाठीचा पत्रव्यवहार प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करावा, नाहीतर कोअर येईपर्यंत तोंडी परीक्षा उरकलेली असते.

खाणीतून घेताना परवानगी लेखी घ्या. सुरुंग लावलेल्या तोंडाजवळचे दगड उचलू नका. त्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आधीच असतात आणि तुमचा दाब त्याच भेगा शोधून काढतो. पृष्ठभागावरचा रंग उडालेला, नखाने पापुद्रे सुटणारा भागही सोडा. दगड जागेवर असतानाच त्याच्यावर ऑइल पेंटने दोन खुणा करा: वरची बाजू आणि थरांची रेघ. मार्करची खूण प्रवासात पुसली जाते.

तपासणी: एक छोटा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून दुसऱ्या दिवशी पाहा. तो विरघळून चिखल झाला किंवा पापुद्रे सुटले, तर फुगणारी माती भरपूर आहे. पुढे पाण्याने कापणे आणि साधे पाणी इंजेक्ट करणे दोन्ही बाद. शंका असेल तर एक्स-रे डिफ्रॅक्शन (खनिजे ओळखण्याची चाचणी) करून घ्या.

टप्पा ३: दगड जपणे

सोलापुरात सर्वांत जास्त नमुने इथे वाया जातात. एप्रिल-मे मध्ये इथली हवा चाळीस अंशांच्या वर आणि कोरडी असते. शेलमधला ओलावा झपाट्याने उडतो आणि तो थरांच्या रेषेत उकलतो. गाडीच्या डिकीत एक दुपार राहिलेला दगड वरून ठणठणीत दिसतो, पण कापायला घेतला की पत्त्यांसारखा सुटतो.

जागेवरच प्रत्येक तुकडा स्वयंपाकघरातल्या प्लास्टिक फिल्ममध्ये दोन-तीन वेढे घालून गुंडाळा, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, आणि बरेच दिवस ठेवायचा असेल तर वरून वितळलेले मेण. प्रवासात थर्माकोलचा खोका.

प्रयोगशाळेत आल्यावर त्याला १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये घालण्याचा मोह आवरा. माती आणि काँक्रीटच्या चाचण्यांची ती सवय इथे घातक आहे, कारण खनिजांना धरून असलेले पाणीही निघून जाते आणि भेगा पडतात. त्यापेक्षा हवाबंद डबा घ्या, तळाशी बशीत मिठाचे संपृक्त द्रावण ठेवा, म्हणजे तळाशी न विरघळलेले मीठ दिसत राहील इतके दाट. अशा डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास टिकते आणि खोलीचे तापमान थोडे खालीवर झाले तरी फारशी हलत नाही. कापलेले ठोकळे त्यात जाळीवर ठेवा आणि रोज वजन करा.

तपासणी: लागोपाठच्या वजनांत फरक उरला नाही की ठोकळा तयार. मे महिन्यात एक आणि जुलैमध्ये दुसरा असे ठोकळे उघड्यावर ठेवून फोडले असतील, तर त्यांची तुलना करू नका.

टप्पा ४: कापणे, घासणे, भोक पाडणे

फरशी बसवणाऱ्यांच्या हातकटरने शेल कापू नका. कडा उडतात आणि कंपनाने थर सुटतात. टेबलावर पक्के बसवलेले डायमंड ब्लेड, हळू फीड, आणि दगड दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्यांत आवळलेला, एवढे हवेच. थंड ठेवण्यासाठी पाणी हा पहिला विचार असतो. ग्लासातल्या परीक्षेत दगड विरघळला असेल तर हवेचा झोत किंवा मिनरल ऑइल वापरा. तेल छिद्रांत शिरते हे खरे, म्हणून काय वापरले ते नोंदवा आणि सगळ्या ठोकळ्यांना तेच वापरा.

सहाही बाजू सपाट आणि एकमेकींना काटकोनात हव्यात. स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का पाहा, मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. बाजू कुठे उंच असेल तर तिथेच सगळा भार एकवटतो आणि ठोकळा पाणी जाण्याआधीच तडकतो.

आता भोक. ठोकळ्याची बाजू भोकाच्या व्यासाच्या दहापट तरी असावी. १०० मिमीच्या ठोकळ्यात ८ मिमीचे भोक डायमंड कोअर बिटने ६० मिमी खोल पाडा. त्यात बाहेरून ६ मिमी व्यासाची स्टेनलेस स्टीलची नळी ४० मिमीपर्यंत चिकटवली की खाली ४० ते ६० मिमी असा २० मिमीचा उघडा भाग उरतो आणि तो बरोबर ठोकळ्याच्या मध्यावर येतो. हॅमर ड्रिल कधीच नको.

थरांच्या दिशेचा निर्णयही इथेच पक्का होतो. जमिनीखाली थर बहुतेक आडवे असतात आणि वरच्या खडकांचे वजन त्यांच्यावर लंब पडते. उभ्या विहिरीचा नमुना हवा तर भोक थरांना लंब. आडव्या विहिरीचा हवा तर भोक थरांना समांतर. दोन्ही प्रकारांत ‘उभा’ ताण थरांवर लंबच द्यायचा. फ्रेममध्ये बसेल तसा ठोकळा सरकवून मोकळे झालेले अहवाल कमी नाहीत.

तपासणी: सहाही बाजूंचे फोटो, प्रत्येकीवर क्रमांक आणि बाण. आधीपासून दिसणारी प्रत्येक भेग फोटोत टिपा. प्रयोगानंतर दिसलेली भेग तुमची की जुनी, हा वाद याच फोटोंवर सुटतो.

टप्पा ५: नळी चिकटवणे

अर्धे अपयश इथले. नळीचा बाहेरचा भाग खडबडीत पॉलिश पेपरने घासा, शक्य असेल तर लेथवर बारीक खाचा पाडून घ्या. भोकातली भुकटी हवेने उडवा. नळी अॅसिटोनने पुसा आणि नंतर तिला हात लावू नका.

एपॉक्सी खाली ओघळून उघडा भाग बुजवते, हा सर्वांत सामान्य घोटाळा. नळीच्या खालच्या टोकापाशी भोकात घट्ट बसेल अशी छोटी ओ-रिंग चढवा. एपॉक्सी तिथेच थांबते. पातळ एपॉक्सीपेक्षा दाट बरी. सोलापूरच्या उन्हाळ्यात मिसळलेली एपॉक्सी डब्यावर लिहिलेल्या वेळेआधीच घट्ट होऊ लागते, म्हणून हे काम सकाळी आणि थोडे थोडे मिसळून करा. चिकटवल्यानंतर उत्पादकाने सांगितलेला पूर्ण वेळ थांबा. वरून कडक लागली म्हणजे आतून झाली असे नाही.

तपासणी: नळीत बारीक तार घालून तळ ६० मिमीवर लागतो का मोजा. कमी आला तर एपॉक्सी आत गेली आहे. हा ठोकळा बाजूला ठेवा. ‘थोडीच गेली असेल’ म्हणून पुढे जाऊ नका.

टप्पा ६: त्याच दगडाचे मूळ गुण मोजणे

ठोकळे कापताना उरलेल्या भागातून चकत्या काढा. ५४ मिमी व्यास असेल तर जाडी साधारण त्याच्या निम्मी, २७ मिमी. ब्राझिलियन चाचणीत चकती कडेवर उभी दाबून तन्यबल, म्हणजे दगड ओढून तोडायला लागणारा ताण, काढतात: तन्यबल = ०.६३६ × भार ÷ (व्यास × जाडी). चकत्या दोन गटांत फोडा: एकात भाराची रेघ थरांना समांतर, दुसऱ्यात लंब. दोन आकड्यांतला फरक हाच तुमच्या शेलचा स्वभाव. त्यांची सरासरी काढून एकच आकडा देणे म्हणजे ज्यासाठी शेल निवडला तेच पुसून टाकणे.

कॉलेजचे मोठे सीटीएम इथे नीट चालते का ते पाहा. २००० किलोन्यूटनच्या मशीनवर काही किलोन्यूटनला फुटणारी चकती ठेवली तर काटा हललेलाही कळत नाही. लहान लोड सेल लावा.

अल्ट्रासॉनिक वेगही थरांच्या दिशेने आणि लंब असे वेगवेगळे मोजून ठेवा. थरांच्या दिशेने तो जास्त भरतो. भेग वाढतानाचा आवाज टिपणाऱ्या ध्वनी-संवेदकांसाठी हे आकडे पुढे लागणार आहेत.

टप्पा ७: पंप आणि नळ्यांची परीक्षा

इथे थोडा वेळ थांबू, कारण आलेख बिघडतो तो बहुतेक याच भागामुळे, आणि याबद्दल अहवालांत एक ओळही नसते.

पाइपलाइन तपासायचा हाताने मारायचा टेस्ट पंप एमआयडीसीत सहज मिळतो. गळती शोधायला तो छान. फ्रॅक्चरिंगसाठी नको, कारण त्याचा प्रवाह झटक्याझटक्याने येतो आणि आलेखावर दगडाऐवजी तुमचा हात उमटतो. सतत एकसारखा प्रवाह देणारा सिरिंज पंप हवा. तो उसना मिळत असेल तर सगळे प्रयोग सलग लावा.

आता हिशेब. पंपात आणि नळ्यांत मिळून १०० मिली पाणी आहे असे धरू. पाण्याचा दाबाला विरोध सुमारे २.२ गिगापास्कल. १३ एमपीए (मेगापास्कल; १००० एमपीए म्हणजे १ गिगापास्कल) दाबाला, हा अंदाज टप्पा १० मध्ये काढला आहे, हे पाणी १०० × १३ ÷ २२०० म्हणजे सुमारे ०.६ मिली आकसते. उलट, ठोकळ्यात ४० मिमी त्रिज्येची आणि सरासरी २० मायक्रॉन रुंदीची भेग पूर्ण उघडली तरी तिच्यात मावते साधारण ०.१ मिली. भेग जन्माला येताक्षणी तिच्या गरजेच्या सहापट पाणी आत घुसायला टपलेले असते. पंप बंद केला तरी ते थांबत नाही. ताणलेल्या गलोलीसारखे सुटते आणि भेग क्षणात ठोकळ्याच्या कडेला पोचते. मग ‘भेग कशी वाढली’ याचा अभ्यास उरतच नाही.

यावर उपाय तीन. नळ्या आखूड, जाड भिंतीच्या आणि स्टीलच्या ठेवा, रबरी होज अजिबात नको. पंपाच्या सिलिंडरमध्ये गरजेपुरताच द्रव भरा. ठोकळ्याच्या अगदी तोंडाशी नीडल व्हॉल्व्ह लावा, म्हणजे साठलेला द्रव एकदम धावत नाही. मात्र एकूण द्रव कमी केला की तोच प्रवाह दाब फार वेगाने चढवतो: १०० मिलीला मिनिटाला १ मिली दिले तर चढ मिनिटाला सुमारे २२ एमपीए, तर २० मिलीला त्याच्या पाचपट. तेव्हा प्रवाहही घटवा. ब्रेकडाउनला निदान मिनिटभर लागावा इतका हळू प्रवाह निवडा आणि सगळ्या ठोकळ्यांना तोच ठेवा, कारण चढ वेगवान असला की ब्रेकडाउन प्रेशरही जास्त दिसतो.

दाबाचा सेन्सर ठोकळ्याजवळ, व्हॉल्व्हच्या पुढे बसवा. पंपाच्या पडद्यावरचा दाब पंपाचा असतो. नोंदणी सेकंदाला एक अशी असेल तर ती निरुपयोगी आहे. कोसळणे काही मिलिसेकंदांत होते. सेकंदाला किमान काहीशे नोंदी हव्यात.

फिटिंग घेताना एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. बाजारात बीएसपी आणि एनपीटी असे दोन्ही आटे मिळतात, ते एकमेकांत दोन-तीन फेरे बसतातही, आणि दाबाखाली उडतात. सगळे एकाच प्रकारचे आणि दाबाची मर्यादा कोरलेले घ्या. टेफलॉन टेपचा तुकडा आत जाऊन बारीक नळी तुंबवतो, म्हणून पहिला आटा मोकळा सोडा.

तपासणी: ठोकळ्याच्या जागी भरीव स्टीलचा गुटका लावा. नळ्यांतली हवा पूर्ण काढा. ठरलेल्या प्रवाहाने अपेक्षित ब्रेकडाउनच्या दीडपटीपर्यंत दाब न्या आणि दाब विरुद्ध आकारमान असा आलेख काढा. ही तुमच्या यंत्रणेची ओळखरेघ. मग पंप थांबवून दहा मिनिटे बसा. दाब घसरला तर गळती आहे.

सावधान: गळती हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारा द्रव कातडीत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि बोट गमावण्यापर्यंत जाते. असे झाले तर दुखत नसले तरी तत्काळ सर्जनकडे. गळती शोधायला पुठ्ठा वापरा. दाब असताना नट आवळू नका. यंत्रणेत हवा ठेवून दाब देऊ नका, कारण दबलेली हवा द्रवापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा साठवते. रिलीफ व्हॉल्व्ह, पॉलिकार्बोनेटचा आडपडदा आणि चष्मा यांशिवाय खोलीत कुणी नको.

टप्पा ८: द्रव निवडणे

साधे पाणी फुगणाऱ्या शेलला बिघडवते; २ टक्के पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण त्यापेक्षा बरे. भेगेची वाढ सावकाश पाहायची असेल तर ग्लिसरीनसारखा दाट द्रव घ्या. लहान ठोकळ्यात दाट द्रव वापरण्यामागे हेच कारण आहे: पातळ द्रवाची भेग नोंदवण्याआधीच कडेला जाते.

ग्लिसरीनची खोड तापमानाची. शुद्ध ग्लिसरीनची दाटी २० अंशांना सुमारे १.४ पास्कल-सेकंद, तर ३० अंशांना ०.६ च्या आसपास. सकाळी एसीत केलेला आणि दुपारी वीज गेल्यावर केलेला प्रयोग हे दोन वेगळ्या द्रवांचे प्रयोग आहेत. शिवाय ते हवेतले पाणी ओढते, म्हणून बाटली उघडी ठेवू नका. प्रत्येक वेळी द्रवाचे तापमान लिहा.

द्रवात रंग मिसळायचा तो आताच. अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग सर्वांत सोयीचा. तो पाण्यात विरघळणारा असेल, तर नंतर ब्लेडवर पाणी सोडत ठोकळा कापला की धुऊन जातो हे लक्षात ठेवून कापण्याची पद्धत ठरवा.

टप्पा ९: ठोकळा फ्रेममध्ये बसवून ताण देणे

प्रत्येक बाजू आणि लोखंडी प्लेट यांच्यामध्ये ग्रीस लावलेले टेफलॉनचे पातळ पत्रे ठेवा, नाहीतर घर्षणामुळे कडांपाशी ताण बदलतो. शेजारच्या प्लेटा एकमेकींना भिडू नयेत म्हणून त्या ठोकळ्यापेक्षा किंचित लहान ठेवतात, समजा ९६ मिमी. त्या क्षेत्रावर १० एमपीए म्हणजे सुमारे ९२ किलोन्यूटन. ठोकळ्याच्या पूर्ण बाजूवर धरले तर १००. कोणते क्षेत्र धरले ते लिहा.

ताण चढवण्याचा क्रम असा. तिन्ही दिशा एकत्र, लहान पायऱ्यांनी, सर्वांत लहान ताणापर्यंत. मग ती दिशा स्थिर ठेवून उरलेल्या दोन्ही मधल्या ताणापर्यंत. शेवटी एकटी तिसरी. आपल्या उदाहरणात आडवे ताण ५ आणि ८, उभा १० एमपीए. एकाच दिशेला सरळ १० दिले तर ठोकळा तिथेच चिरू शकतो. उतरवतानाचा क्रम नेमका उलटा.

सीटीएमवर एका दिशेचा भार देणार असाल तर तो स्थिर राहतो का हे आधी अर्धा तास पाहा. हाताच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या मशीनचा भार हळूहळू उतरतो, आणि तुम्ही कागदावर मात्र १० एमपीएच लिहीत राहता.

ध्वनी-संवेदक लावणार असाल तर भेगेची जागा शोधायला तत्त्वतः चार पुरतात, प्रत्यक्षात आठ तरी असावेत आणि ते सगळ्या बाजूंना वाटलेले असावेत. संपर्कासाठी ग्रीस किंवा जेल. प्रत्येकाजवळ ०.५ मिमी पेन्सिलचे शिसे मोडून सिग्नल येतो का पाहा. मग इंजेक्शन न करता, पण पंप आणि जॅक चालू ठेवून दहा मिनिटे नोंद घ्या. शेजारच्या वर्कशॉपमधले वेल्डिंग इथे लगेच ओळखू येते. दाबाची आणि ध्वनीची नोंद वेगवेगळ्या संगणकांवर असेल तर दोन्हींत एकाच क्षणी एक विजेचा ठोका नोंदवा. घड्याळे सारखी लावली आहेत यावर विसंबू नका.

टप्पा १०: इंजेक्शन

आधी अंदाज कागदावर काढा. हबर्ट आणि विलिस यांच्या १९५७ च्या सूत्रानुसार, उभ्या भोकासाठी:

ब्रेकडाउन प्रेशर = ३ × (लहान आडवा ताण) − (मोठा आडवा ताण) + तन्यबल − छिद्रांतला दाब

लहान ताण ५, मोठा ८, तन्यबल ६, छिद्रदाब शून्य धरला तर १५ − ८ + ६ = १३ एमपीए. हे सूत्र लांब भोक, सर्व दिशांना सारखा आणि द्रव न शोषणारा खडक गृहीत धरते. आपले उघडे भोक व्यासाच्या जेमतेम अडीचपट लांब आहे आणि शेल सर्व दिशांना सारखा नाही. त्यामुळे १३ हा सेन्सर निवडण्यापुरता आणि धोका ओळखण्यापुरता आकडा आहे. प्रयोगात १६ आले म्हणून प्रयोग चुकला असे होत नाही.

क्रम:

१. वीज. पंप आणि नोंदणी दोन्ही यूपीएसवर.

२. नळी आणि भोक कमी दाबाने द्रवाने भरा, हवा काढा. वरून भोकात द्रव ओतला तर हवेचा बुडबुडा तळाशी अडकतो. म्हणून बारीक केशनळी तळापर्यंत घालून खालून वर भरा.

३. नोंदणी सुरू. मिनिटभर कोऱ्या नोंदी घ्या.

४. ठरलेल्या प्रवाहाने पंप सुरू. सुरुवातीची चढती रेघ ओळखरेघेशी ताडून पाहा. ती बरीच आडवी असेल तर हवा राहिली आहे, जोड गळतो आहे किंवा दगड द्रव पीत आहे. अजून ताण दिलेला दगड शाबूत आहे. थांबा, दाब उतरवा, कारण शोधा.

५. दाब कोसळताच पंप थांबवा. शक्य असेल तर पंपाला तशी आपोआप थांबण्याची अट घालून ठेवा. हाताने बटण दाबेपर्यंत फार उशीर होतो.

६. व्हॉल्व्ह बंद करून दाब कसा उतरतो ते नोंदवा. ठोकळ्याच्या बाहेर द्रव दिसला असेल तर भेग कडेपर्यंत गेली आहे, मग या उतारावरून भेग मिटण्याचा दाब काढू नका.

७. पुन्हा इंजेक्ट करायचे तर तोच प्रवाह. दुसऱ्या वेळचे टोक कमी येते, कारण तन्यबल आता उरलेले नसते.

टोक म्हणजे भेगेची सुरुवात असेही धरू नका. ध्वनीच्या नोंदी बऱ्याचदा टोकाच्या आधीच वाढू लागतात. दोन्ही वेळा वेगवेगळ्या लिहा.

आणि टोक आलेच नाही, दाब एका पातळीवर सपाट राहिला तर? नळीच्या कडेने द्रव वर येतो आहे का ते प्रथम पाहा. तसे असेल तर फुटली ती एपॉक्सी.

टप्पा ११: ठोकळा उघडणे

ताण उलट क्रमाने उतरवा. बाहेर काढताच सहाही बाजूंचे फोटो, आधीच्या फोटोंसारख्याच कोनातून. मग अतिनील दिव्याखाली पुन्हा.

रुग्णालयातल्या सीटी स्कॅनवर फार आशा ठेवू नका. तिथले चित्र साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तपशील दाखवते, तुमची भेग काही दहा मायक्रॉनची. मायक्रो-सीटी मिळाले तर उत्तम. नाहीतर रंग आणि ब्लेड. कापण्याआधी भेगेत पातळ एपॉक्सी मुरवली तर कापताना नवी भेग पडली तरी ती ओळखू येते: जुनीत एपॉक्सी असते, नवीत नसते. भोकाला लंब अशा १०-१५ मिमीच्या चकत्या काढा, प्रत्येकीवर क्रमांक आणि दिशा.

प्रत्येक चकतीवर भेग ट्रेसिंग पेपरवर उतरवा. थर कुठे ओलांडला, कुठे थरातच वळली, कुठे थांबली, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि दाबाच्या आलेखापेक्षा बरेच काही सांगते. दोन ठोकळ्यांचे आलेख तंतोतंत सारखे आणि भेगा पूर्ण वेगळ्या, असे शेलमध्ये सर्रास होते.

टप्पा १२: नोंद आणि सराव

अहवालात प्रत्येक ठोकळ्याची एक ओळ असू द्या: थरांची दिशा, ओलावा, तीन ताण, द्रव आणि त्याचे तापमान, प्रवाह, यंत्रणेतला एकूण द्रव, सुरुवातीचा चढ, टोक, भेगेचा मार्ग. फसलेले ठोकळेही त्याच तक्त्यात, कारणासकट. ते वगळले की उरलेले तीन विनाकारण सुबक दिसतात.

हे सगळे पहिल्यांदा शेलवर करू नका. सिमेंट-वाळूचे ठोकळे ओता, २८ दिवस पाण्यात ठेवा, आणि टप्पा पाचपासून पुढचे सगळे त्यांच्यावर करा. त्यानंतर शहाबादीच्या दोन-तीन लाद्या चिकटवून थरांचा सराव करा. भेग जोडावर कशी वळते ते त्यात स्पष्ट दिसते. लागोपाठ दोन ठोकळे एपॉक्सी न गळता फुटले की मग मिठाच्या डब्यातला पहिला शेल काढा.

कापताना उरलेले तुकडे फेकू नका. त्याच डब्यात, त्याच क्रमांकांसह ठेवा. परीक्षक खनिजांचे प्रमाण विचारतात ते प्रयोग संपल्यावर, आणि तोवर खाणीतली ती बाजू पुढे सरकलेली असते.